कोलशेतची गौर, बंगालची उमा

भाद्रपदात ठाण्याच्या खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत गौर येते ती बहुधा तेरड्याच्या रूपाने. मुळांसकट उपटलेल्या रोपांची जुडी बांधायची, तिला साडी नेसवायची, मुखवटा चढवायचा, दागिने घालायचे. आल्या दिवशी भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी गोडधोड. आणि पुष्कळ घरांत त्याच्या जोडीला तिखटाचा नैवेद्य असतो: मटण, चिंबोऱ्या, खाडीची मासळी. माहेरवाशीण आली आहे, तिला आवडेल ते रांधायचं, एवढंच त्यामागचं शास्त्र. घाटावरच्या पाहुण्याला हे ऐकून आधी ठसकाच लागतो.

कोलशेत हे असंच एक जुनं खाडीकाठचं गाव. उल्हास नदी इथे खाडी होऊन वसईकडे वळते आणि पलीकडच्या काठावर भिवंडीचं काल्हेर दिसतं. गेल्या शतकात या रस्त्यावर सॅण्डोझ, बायर यांच्यासारखे रासायनिक कारखाने आले. पुढे कारखान्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले आणि त्यांत देशभरची माणसं राहायला आली. त्यांत बंगाली कुटुंबंही आहेत. गौर गेल्यावर महिन्याभराने, आश्विन सप्तमीच्या पहाटे, कुठल्याही बंगाली मंडपात जे घडतं ते कोलशेतच्या एखाद्या म्हातारीने पाहिलं, तर तिला फारसं समजावून सांगावं लागणार नाही. केळीचं एक रोप पाण्यावर नेऊन न्हाऊ घालतात. हळद, अळू, बेल, डाळिंब, अशोक, भाताची लोंबी अशा आणखी आठ वनस्पती त्याला अपराजितेच्या वेलीने बांधलेल्या असतात. मग त्याला लाल काठांची पांढरी साडी नेसवतात, पानावर पदर ओढतात आणि गणपतीच्या शेजारी उभं करतात. हिचं नाव नवपत्रिका. लोक तिला कलाबोऊ, म्हणजे केळवधू म्हणतात आणि खुशाल गणपतीची बायको ठरवतात. शास्त्राप्रमाणे ती दुर्गाच, म्हणजे त्याची आई. पण लोकांनी लावून दिलेलं लग्न शास्त्राला मोडता आलेलं नाही.

बंगालात दुर्गा ही आधी घरची लेक उमा, मग महिषासुरमर्दिनी. कैलासाहून मुलाबाळांना घेऊन चार दिवस माहेरी येते आणि दशमीला परत जाते. निघताना काही जुन्या घरांत तिला पांताभात, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, आणि अळूची भाजी वाढतात. नवमीला कित्येक घरांत मटण शिजतं, तेही कांदा-लसूण न घालता. अशा मटणाला बंगाली माणूस ‘निरामिष’ म्हणतो. त्याच नऊ दिवसांत घटापुढे उपास धरून बसलेल्या मराठी शेजाऱ्याला हा विनोद वाटेल, पण तिखटाच्या गौरीला तो वाटणार नाही.

मराठी आणि बंगाली माणसांची सणासुदीला पडलेली एक जुनी गाठ मात्र चांगलीच कडू होती. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. त्यानंतर पाचच वर्षांनी, १७४२ मध्ये, नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालात चौथाईसाठी घुसले. पावसाळा त्यांनी काटव्याला काढला आणि आश्विनात जवळच्या दाँइहाटला मोठी दुर्गापूजा मांडली. खर्च अर्थातच आसपासच्या जमीनदारांच्या माथी. पूजा पुरी झाली नाही. नवमीच्या पहाटे नवाब अलिवर्दी खानाची फौज नदी ओलांडून छावणीवर तुटून पडली आणि मराठ्यांना देवी तिथेच सोडून पळावं लागलं. १७४४ मध्ये मनकरा इथे बोलणीच्या मिषाने बोलावून भास्कररामांची हत्या झाली. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने या स्वारीवर ‘महाराष्ट्र पुराण’ रचलं. त्याच्या उपलब्ध भागाचं नावच ‘भास्कर पराभव’. मराठे तिथे ‘बर्गी’ म्हणून अंगाईगीतात गेले, पोरांना निजवायला. कलकत्त्याच्या लोकांनी त्यांच्या धास्तीने खंदक खणायला घेतला. तो कधी पुरा झाला नाही आणि मराठे तिथवर पोचलेही नाहीत.

या जखमेवर सव्वाशे-दीडशे वर्षांत खपली कशी धरली, याची गोष्ट राजकारणाची आहे, आणि तिच्यात उत्सव हे हत्यार झालं. बंगालात वर्गणीची पूजा जुनी. जमीनदाराच्या वाड्यातली पूजा ही त्याच्या दिमाखाची गोष्ट होती. १७९० च्या सुमारास हुगळी जिल्ह्यातल्या गुप्तिपाड्याच्या बारा मित्रांनी पैसे गोळा करून आपली देवी आपणच बसवली, असं सांगतात. या पद्धतीला ‘बारोयारी’ नाव पडलं. १८६७ मध्ये नवगोपाल मित्र आणि मंडळींनी कलकत्त्यात हिंदू मेळा सुरू केला. त्यात कसरती, देशी कारागिरीचं प्रदर्शन, देशाची गाणी असा बेत असे. पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला १८९३ मध्ये. तेव्हा या बाबतीत बंगाल पुढे होता, हे मराठी अभिमानाला मुरड घालून कबूल करायला हरकत नाही.

उलट दिशेनेही देणं गेलं. सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घरातले, जन्म १८६९, देवघरजवळच्या करों गावचा. ते लिहीत बंगालीत. ‘हितवादी’ पत्रात काम करत. त्यांचं ‘देशेर कथा’ हे इंग्रजी राजवटीच्या लुटीचा हिशेब मांडणारं पुस्तक १९०४ मध्ये आलं आणि १९१० मध्ये सरकारने जप्त केलं. याच देऊस्करांनी १९०२ मध्ये कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू केला. बर्ग्यांच्या नावाने दचकणाऱ्या शहरात हे करणं म्हणजे धाडसच. दोन वर्षांनी त्यांच्या ‘शिवाजीर दीक्षा’ या पुस्तिकेसाठी रवींद्रनाथांनी ‘शिवाजी उत्सव’ ही कविता दिली आणि बंगाली सुशिक्षितांच्या मनातला मराठा बदलू लागला. १९०५ च्या १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली तेव्हा तिथे चुली पेटल्या नाहीत आणि रवींद्रनाथांच्या पुढाकाराने हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना राख्या बांधल्या. धार्मिक, राष्ट्रीय आणि घरगुती सण त्या दिवशी एकाच दोऱ्यात आले.

मग जून १९०६. टिळक, खापर्डे आणि डॉ. मुंजे शिवाजी उत्सवासाठी कलकत्त्याला गेले. जोडीला स्वदेशी मेळा होता. टिळक गंगास्नानाला निघाले तेव्हा मागे माणसांची रीघ लागली. पण मंडपात शिवाजी महाराजांबरोबर भवानीची मूर्ती बसवली होती आणि तिथे माशी शिंकली. बिपिनचंद्र पाल भवानीपूजेचं समर्थन करत होते. ब्राह्म समाजाच्या मंडळींना मूर्ती नको होती, आणि फाळणीच्या विरोधात ज्यांना सोबत घ्यायचं त्या मुसलमानांना हा उत्सव आपला कसा वाटणार, हा प्रश्न उरलाच. रवींद्रनाथ पुढे या वाटेपासून दूर गेले. १९०६ चा तो मंडप गर्दीच्या हिशेबाने गाजला. पण उत्सव सर्वांचा म्हणायचा आणि देव आपला बसवायचा, ही अडचण काही सुटली नाही. दोन्ही प्रांतांत ती अजून शिल्लक आहे.

टिकली ती वर्गणी आणि तालीम. १९२६ मध्ये उत्तर कलकत्त्यातल्या शिमला व्यायाम समितीने, अतींद्रनाथ बसूंच्या पुढाकाराने, सर्वांना खुली ‘सार्वजनीन’ दुर्गापूजा केली. सुभाषबाबूंचाही तिच्याशी संबंध आला. नावात व्यायाम समिती आहे, हे मुद्दाम पाहावं. दंड-जोर काढणारी पोरं, त्यांचीच कार्यकर्त्यांची फळी आणि तेच वर्गणीची पावती घेऊन दारात. पुण्याच्या तालमीतून आलेल्या गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्याला तिथे नवखं वाटलं नसतं.

मुंबईत बंगाली पूजा आली नोकरदारांबरोबर. बॉम्बे दुर्गाबाडी समितीची पूजा १९३० ची, मुखर्जी कुटुंबाची उत्तर मुंबईतली १९४८ ची. शिवाजी पार्कवर बेंगाल क्लबची देवी बसते. ज्या मैदानाला शिवाजी महाराजांचं नाव, तिथे बंगालची दुर्गा. देऊस्करांना हे फार आवडलं असतं. प्रभादेवीला तर कारखान्यामुळे बसथांब्यालाच ‘बेंगॉल केमिकल’ नाव मिळालं. पुढे मुंबईतली घरं परवडेनाशी झाली तशी माणसं उपनगरांत आणि त्यापलीकडे ठाण्यात सरकली आणि त्यांच्यामागून देवीही. ढाक वाजवणारे बंगालातून येतात, मूर्तिकारही बऱ्याचदा तिकडचेच. दुपारी भोगाच्या खिचडीसाठी रांग लागते आणि तिच्यात मराठी, गुजराती, मल्याळी शेजारी ताट धरून असतात.

ठाण्यात नवरात्र म्हटलं की आधी आठवते ती टेंभी नाक्याची देवी, आनंद दिघे यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली. त्या गर्दीपुढे बंगाली मंडप लहानच. पण गणपती काय आणि देवी काय, विसर्जनाला पाणी लागतंच, म्हणून ठाणे महापालिकेने कोलशेतच्या खाडीवर महाघाट बांधला.

पंचांग मात्र मराठी आणि बंगाली घरांना अधूनमधून चुकवतं. कोजागिरीच्या रात्री मराठी माणूस गच्चीवर दूध आटवतो, तर बंगाली घरात त्याच रात्री तांदळाच्या पिठाची लक्ष्मीची पावलं उमटतात आणि नारळाचे लाडू वळले जातात. लक्ष्मीची त्यांची मोठी पूजा ती. दिवाळीच्या अमावास्येला मराठी घर लक्ष्मीपूजन आटोपून फराळाला बसतं, तेव्हा बंगाली घरात कालीपूजेची तयारी नुकती कुठे सुरू झालेली असते. तिचा मुहूर्त मध्यरात्रीचा आणि कर्णे बंद करायची सरकारी वेळ रात्री दहाची. या दोन वेळा जुळवण्याचं काम पडतं गृहसंकुलाच्या सचिवावर, आणि तो बहुतेक वेळा दोन्हीकडचा प्रसाद खाऊन आलेला असतो.