‘खरा’ पास्ता कुठला?

आजचा विषय पाहून काहींना वाटेल, तत्त्वज्ञानाचे हे निवृत्त मास्तर स्वयंपाकघरात कसे शिरले? कारण घरचंच आहे. आमच्या सूनबाई ऑफिसातून सात-साडेसातला घरी येतात आणि आठवड्यात एखाद्या रात्री पास्ता करतात. मैदा-दुधाचा पांढरा सॉस, फ्रिजमध्ये असतील त्या भाज्या आणि वर किसलेलं चीज. एकदा जेवता जेवता आम्ही बोलून गेलो, “अगं, हा काही खरा इटालियन पदार्थ नव्हे.” त्या म्हणाल्या, “बाबा, मग खरा कुठला, ते तुम्हीच शोधून सांगा.” पुढचे दोन दिवस घरात बोलणं मोजकंच होतं. तेव्हा शोध घेणं भागच पडलं.

सुरुवात रोमपासून करू. तिथे आल्फ्रेडो दी लेलिओ नावाचे एक खानावळवाले होते. 1908 साली त्यांची पत्नी बाळंतीण झाली, तिला अन्न जाईना, म्हणून त्यांनी ताज्या पास्त्यात भरपूर लोणी आणि पार्मेजान चीज घालून दिलं, असं त्यांच्या घरात सांगतात. पुढे हॉलिवूडचे डग्लस फेअरबँक्स आणि मेरी पिकफर्ड त्यावर खूश झाले आणि पदार्थ अमेरिकेत पोचला. आता गंमत पाहा. आल्फ्रेडोच्या मूळ पदार्थात क्रीम नाही. लोणी, चीज आणि पास्ता उकडलेलं पिठूळ पाणी एकत्र घुसळलं की त्या पिठामुळे तूप-पाणी वेगळं होत नाही, सॉस आपोआप दाट होतो. पण हात चुकला, आच जास्त झाली, की चीजच्या गुठळ्या होतात. क्रीम घातलं की ही भीती बरीच कमी होते. अमेरिकेत ते पडलं, ते आम्हाला तरी यामुळेच वाटतं.

भाज्यांची गोष्ट मात्र न्यूयॉर्कची. ‘पास्ता प्रिमावेरा’, म्हणजे वसंतातला पास्ता, हे नाव इटालियन. पण पदार्थ गाजला तो 1970 च्या दशकात, ‘ल सर्क’ या फ्रेंच उपाहारगृहात. त्याचे मालक सिरिओ माच्चिओनी यांचं म्हणणं असं, की कॅनडात नोव्हा स्कोशियाला पाहुणे म्हणून गेलेले असताना त्यांच्या पत्नी एजिदियाना यांनी घरात होतं त्यातून तो केला. तिथले आचारी जाँ व्हेर्न यांनीही त्यावर हक्क सांगितला. एड जोब्बी नावाचे चित्रकार म्हणाले, मूळ कल्पना आम्ही दाखवली. असा तिढा! आणि याच व्हेर्न यांना आपल्या फ्रेंच मुदपाकखान्यात पास्ता नको होता. तो बाहेरच्या बोळात उकडत असत, असं सांगतात.

1977 साली क्रेग क्लेबोर्न आणि पिएर फ्रनी यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्याची कृती दिली. ब्रोकोली, झुकिनी, ॲस्परॅगस, फरसबी, मटार, मश्रूम, टोमॅटो, शिवाय लोणी, क्रीम, चीज. भाज्या वेगवेगळ्या उकडायच्या, टोमॅटो निराळे परतायचे. ही कृती वाचून आम्ही चकितच झालो. पाहुणचारात हाताशी होतं त्यातून केलेला पदार्थ (एजिदियानाबाईंची गोष्ट खरी धरली तर) उपाहारगृहात जाऊन इतका अवघड झाला, की घासायची भांडी पाहूनच गृहिणीनं हात जोडावेत. मग जगभरच्या बायकांनी, आणि काही पुरुषांनीही, तो पुन्हा सोपा केला. एकाच पातेल्यात पास्ता उकळत असताना शेवटच्या दोन-तीन मिनिटांत भाज्या टाकायच्या, थोडं पाणी राखून ठेवायचं, आच मंद करून चीज घालायचं. झालं जेवण.

आम्ही वर्गात वर्षानुवर्षं ‘सत्त्व’ म्हणजे काय ते शिकवलं. पण या पदार्थाचं सत्त्व रोमच्या लोण्यात मानावं, की न्यूयॉर्कच्या क्रीममध्ये, की नोव्हा स्कोशियातल्या त्या घरात? वृत्तपत्रात कृती लिहिणारे दोघे पुरुष, भांडणारेही बहुतेक पुरुषच. सूनबाईंच्या मैदा-दुधाला ‘खोटा’ म्हणायला आमच्याजवळ आधार उरला नाही.

तो शोध आम्ही त्यांना सांगितला, चूकही कबूल केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मटारची पिशवी आमच्यासमोर ठेवली. तेव्हापासून पास्त्याच्या रात्री मटार सोलण्याचं काम आमच्याकडे आहे. बरं, आता तुमचे प्रश्न घेऊ.