आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे काय? पगार किती यापेक्षा उरतात किती, हे का महत्त्वाचे

पुढच्या महिन्याचा पगार आला नाही तरी घराचा खर्च कुणापुढे हात न पसरता चालू शकतो, या स्थितीला आर्थिक स्वातंत्र्य म्हणतात. त्यासाठी मोठा पगार, वडिलोपार्जित जमीन किंवा शेअर बाजाराचे खास ज्ञान लागते, असा समज आहे. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त फरक पडतो तो कमाईतला किती वाटा शिल्लक राहतो आणि तो किती वर्षे हात न लावता वाढू दिला जातो, यामुळे.

थोडक्यात

- आर्थिक स्वातंत्र्य रुपयांपेक्षा महिन्यांत मोजावे: साठलेल्या पैशावर घर किती महिने चालेल?
- बचतीचा वाटा वाढला की रक्कम वेगाने साठते आणि लागणारी एकूण रक्कमही कमी होते.
- क्रम महत्त्वाचा: आधी महागडे कर्ज फेडणे, मग अडीअडचणीचा निधी आणि विमा, त्यानंतर दीर्घकाळाची गुंतवणूक.

आर्थिक स्वातंत्र्याच्या पायऱ्या

आर्थिक स्वातंत्र्य म्हणजे चाळिशीत नोकरी सोडणे, एवढाच अर्थ अनेकदा लावला जातो. पण ते पायरीपायरीने येते आणि प्रत्येक पायरीचा उपयोग त्याच दिवसापासून सुरू होतो.

- पहिली पायरी: महिनाअखेरीला उसनवारी करावी लागत नाही.
- दुसरी पायरी: सहा महिन्यांचा खर्च बाजूला आहे. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तरी दागिने गहाण पडत नाहीत.
- तिसरी पायरी: दोन-तीन वर्षांचा खर्च हाताशी आहे. जाच होत असलेली नोकरी सोडता येते, गावी परतता येते, छोटा व्यवसाय करून पाहता येतो.
- चौथी पायरी: गुंतवणुकीच्या उत्पन्नावर घर चालते. काम करायचे की नाही, हे आता आवडीवर ठरते.

चौथी पायरी सगळ्यांना गाठता येईलच असे नाही. पण पहिल्या दोन पायऱ्यांनीच आयुष्यातली बरीचशी भीती कमी होते.

दोन घरांचे गणित

समजा, एका घरात महिन्याला १ लाख रुपये येतात आणि ९० हजार खर्च होतात. दुसऱ्या घरात ४५ हजार येतात आणि ३१,५०० खर्च होतात. पहिले घर १० हजार वाचवते, दुसरे १३,५००.

आता ही बचत दिवसांत मोजू. पहिल्या घराची महिन्याची बचत त्यांचा स्वतःचा खर्च जेमतेम तीन दिवस भागवते. दुसऱ्या घराची बचत जवळजवळ तेरा दिवस भागवते. म्हणजे पगार निम्म्याहून कमी असूनही दुसरे घर चौपट वेगाने मोकळे होत आहे.

‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ ही म्हण सगळ्यांना पाठ असते. तिच्यामागचे गणित असे की, खर्च कमी केल्याने दुहेरी फायदा होतो. बचत वाढते आणि आयुष्यभर पुरवायचा खर्चही लहान होतो. पगारवाढीने फक्त पहिला फायदा मिळतो, तोही वाढलेला पगार खर्चात गेला नाही तरच.

किती रक्कम पुरेशी असते?

१९९४ मध्ये अमेरिकेतील आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांनी तिथल्या बाजाराची जुनी आकडेवारी तपासली. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी जमा रकमेच्या ४ टक्के काढले आणि पुढे दरवर्षी महागाईनुसार ती रक्कम वाढवत नेली, तर पैसा किमान ३० वर्षे पुरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. यातूनच ‘वर्षाच्या खर्चाच्या २५ पट’ हा ठोकताळा रूढ झाला.

हा नियम अमेरिकेतील महागाई आणि बाजारावर बेतलेला आहे. तो भारतात जसाच्या तसा लागू होईल याची खात्री नाही. लवकर काम थांबवणाऱ्याला पैसा ३० वर्षांपेक्षा जास्त काळ पुरवावा लागतो. म्हणून सावधगिरीने ३० पट किंवा त्याहून अधिक रक्कम धरणे बरे.

या हिशेबाने वरच्या पहिल्या घराला आजच्या किमतीत सुमारे ३ कोटी २४ लाख रुपये लागतील आणि दुसऱ्याला सुमारे १ कोटी १३ लाख.

किती वर्षे लागतात?

गुंतवणूक महागाईपेक्षा वर्षाला ४ टक्के जास्त वाढली आणि शून्यापासून सुरुवात करून खर्चाच्या ३० पट रक्कम जमवायची आहे, असे धरले तर साधारण चित्र असे दिसते:

- उत्पन्नाच्या १० टक्के बचत: सुमारे ६३ वर्षे
- २० टक्के बचत: सुमारे ४५ वर्षे
- ३० टक्के बचत: सुमारे ३४ वर्षे
- ४० टक्के बचत: सुमारे २६ वर्षे
- ५० टक्के बचत: सुमारे २० वर्षे

४ टक्के हा केवळ अंदाज आहे, हमी नाही. पण १० वरून २० टक्क्यांवर गेल्याने १८ वर्षे वाचतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. इतका फरक ‘चांगला शेअर’ शोधून पाडणे सामान्य माणसाला फार अवघड असते.

पैसे उरवण्याच्या साध्या सवयी

आधी बचत, मग खर्च. महिनाअखेरीला उरेल ते वाचवू म्हटले की काहीच उरत नाही. पगार जमा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली रक्कम आपोआप दुसऱ्या खात्यात किंवा गुंतवणुकीत जाईल, अशी सूचना बँकेला देऊन ठेवता येते.

तीन महिने खर्च लिहून काढणे. किराणा, भाडे आणि शाळेची फी तोंडपाठ असते. बाहेरून मागवलेले जेवण, न वापरली जाणारी सबस्क्रिप्शन आणि हप्त्यांवर घेतलेल्या वस्तू मात्र लिहिल्याशिवाय दिसत नाहीत. यूपीआयचे व्यवहार तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आयतेच लिहिलेले असतात.

पगारवाढीतला अर्धा वाटा बचतीला. त्यामुळे राहणीमानही सुधारते आणि बचतही वाढते. आधीच्या खर्चाला कात्री लावावी लागत नाही.

वर्षातून एकदा येणारे खर्च बारा महिन्यांत वाटणे. दिवाळी, शाळेची फी, गाडीचा विमा, गावची जत्रा हे खर्च अचानक येत नाहीत. त्यांच्यासाठी आवर्ती ठेव उघडली की क्रेडिट कार्डाची गरज पडत नाही.

गुंतवणुकीआधी करायची तीन कामे

१. महागडे कर्ज फेडणे. क्रेडिट कार्डाची थकबाकी महिन्याला ३.५ टक्के दराने वाढत असेल, तर वर्षाचे साधे व्याजच ४२ टक्के होते. एवढा परतावा खात्रीने देणारी गुंतवणूक अस्तित्वात नाही. त्यामुळे असे कर्ज फेडणे हीच सर्वांत फायद्याची गुंतवणूक ठरते.

२. अडीअडचणीचा निधी. सहा महिन्यांचा खर्च बचत खाते आणि एफडीमध्ये ठेवावा, शक्यतो एकाच बँकेत नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदारांना फक्त १ हजार रुपये काढण्याची मुभा होती. फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरील विम्याची मर्यादा प्रत्येक बँकेत प्रत्येक खातेदारामागे १ लाखावरून ५ लाख रुपये झाली. ही मर्यादा मूळ रक्कम आणि व्याज मिळून आहे. पतसंस्थांमधील ठेवींना हे विमा संरक्षण मिळत नाही.

३. विमा. घर ज्याच्या कमाईवर चालते त्याचा मुदत विमा आणि कुटुंबाचा आरोग्य विमा आधी. परतावा आणि विमा एकत्र देणाऱ्या पॉलिसींमध्ये बहुतेकदा विम्याची रक्कम तोकडी राहते. मोठा हप्ता परवडत नसेल तर बँकेतून घेता येणाऱ्या दोन सरकारी योजना आहेत. जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचे जीवन विमा संरक्षण मिळते, तर सुरक्षा विमा योजनेत २० रुपयांत २ लाखांचे अपघात विमा संरक्षण मिळते.

पैसे कुठे ठेवावेत?

पीएफ: नोकरदाराच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम यात जाते. २०२४-२५ साठी व्याजदर ८.२५ टक्के होता. नोकरी बदलताना हा पैसा काढून घेण्याची सवय सगळ्यात महागात पडते, कारण चक्रवाढ पुन्हा शून्यापासून सुरू होते. रक्कम नव्या खात्यात वळती करणे हिताचे.

पीपीएफ: १९६८ मध्ये सुरू झालेली ही योजना नोकरी नसलेल्यांनाही खुली आहे. वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात आणि मुदत १५ वर्षांची असते. एप्रिल २०२० मध्ये व्याजदर ७.१ टक्के झाला आणि २०२५ मध्येही तोच होता. व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतरच्या किमान शिलकीवर मोजतात, म्हणून पैसे ५ तारखेच्या आत भरावेत.

इंडेक्स फंडात एसआयपी: हा फंड सेन्सेक्स किंवा निफ्टीतल्या सगळ्या कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे गुंतवतो. शेअर निवडण्याची डोकेदुखी नसते आणि खर्चही कमी असतो. फंडाचा खर्च किरकोळ वाटतो, पण महिना ५ हजार रुपये ३० वर्षे गुंतवले तर १० टक्के परताव्याने सुमारे १ कोटी १३ लाख होतात आणि ९ टक्क्यांनी सुमारे ९१ लाख. फक्त एका टक्क्याच्या फरकाने २१ लाखांहून अधिक रक्कम कमी होते. जानेवारी २०१३ पासून उपलब्ध असलेल्या डायरेक्ट प्लॅनमध्ये एजंटचे कमिशन नसते, त्यामुळे खर्च कमी राहतो.

सोने: दागिन्यांवर घडणावळ आणि जीएसटी द्यावा लागतो, मोडताना तो परत मिळत नाही. हौस आणि गुंतवणूक यांचा हिशेब वेगळा ठेवलेला बरा.

शेअर बाजारातला पैसा किमान सात-आठ वर्षे लागणार नाही, असाच असावा. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्सने २१ हजारांचा टप्पा गाठला होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो ९ हजारांच्या खाली आला. पुन्हा २१ हजार दिसायला २०१० ची दिवाळी उजाडली, तिथून तो परत घसरला आणि नवा उच्चांक २०१३ मध्ये झाला. या काळात घाबरून पैसे काढणाऱ्यांचा तोटा कायमचा झाला. ज्यांचा अडीअडचणीचा निधी वेगळा होता, त्यांना थांबणे शक्य झाले.

उशीर केला तर?

पंचविसाव्या वर्षी सुरू केलेली महिना ५ हजारांची एसआयपी १० टक्के परताव्याने पंचावन्नाव्या वर्षी सुमारे १ कोटी १३ लाख होते. तीच पस्तिसाव्या वर्षी सुरू केली तर सुमारे ३८ लाख. भरलेल्या रकमेत फरक ६ लाखांचा, पण हातात येणाऱ्या रकमेत ७५ लाखांचा.

मात्र हे आकडे पाहून हुरळून जाऊ नये. महागाई ६ टक्के राहिली तर ३० वर्षांनंतरच्या १ कोटी १३ लाखांची किंमत आजच्या साधारण २० लाखांएवढीच असेल. म्हणूनच उत्पन्न वाढेल तशी एसआयपीची रक्कमही दरवर्षी वाढवायला हवी.

कष्टाची बचत कुठे बुडते?

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के जण तोट्यात गेले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. रीलमध्ये दिसणारा नफ्याचा स्क्रीनशॉट उरलेल्या ७ टक्क्यांमधला असू शकतो किंवा खोटाही असू शकतो.

‘दरमहा ५ टक्के, हमखास’ असे सांगणारी कोणतीही योजना धोक्याची घंटा समजावी. असा परतावा सुरुवातीला बहुधा नव्या लोकांच्या पैशातूनच दिला जातो.

नेहमी पडणारे प्रश्न

उत्पन्न १५-२० हजार असेल तर काय करावे? भाडे आणि किराण्यातच पगार संपत असेल तर ३० टक्के बचतीचा सल्ला निरुपयोगी आहे. अशा वेळी पहिले ध्येय एका महिन्याचा खर्च जमवणे हे असावे. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून उघडता येते. महिना ५०० रुपये पाच वर्षे भरल्यास ६.७ टक्के दराने सुमारे ३५,७०० रुपये होतात. हा पैसा कोटीचे स्वप्न दाखवत नाही, पण दवाखान्याच्या बिलासाठी सावकाराकडे जाण्यापासून वाचवतो.

भिशी चांगली की वाईट? ओळखीच्या लोकांची भिशी बचतीची शिस्त लावते. पण तिथे सहसा व्याज मिळत नाही आणि कुणी पैसे बुडवले तर वसुली कठीण असते. छोट्या रकमेसाठी ठीक, आयुष्यभराच्या बचतीसाठी नाही.

घरच्यांना सांगावे का? जरूर. प्रत्येक खात्याला नॉमिनी लावावा आणि खाती, पॉलिसी, फंड यांची एक यादी घरात ठेवावी. दहा वर्षे वापरात नसलेल्या खात्यातील रक्कम बँकांना रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करावी लागते. वारसांना ती परत मागता येते, पण त्यासाठी असे खाते होते हे आधी त्यांना माहीत असावे लागते.

सुरुवात कुठून करावी? गेल्या महिन्याचे बँक स्टेटमेंट उघडून एकूण खर्च काढावा. हाताशी असलेल्या शिलकीला त्या आकड्याने भागले की घर किती महिने चालेल ते कळते. उत्तर एकापेक्षा कमी आले, तर ते एकपर्यंत नेणे हेच पहिले काम.