रंग, उजेड आणि चिघळलेली जखम

सास्तूर म्हटलं की आपल्याला ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आठवते. भूकंपात दगडमातीची घरं कोसळली आणि ढिगाऱ्यातून माणसं काढावी लागली. मातीनं भरलेली जखम चिघळू नये म्हणून आपल्याकडे मुख्य आधार दोनच : ती नीट धुणं आणि प्रतिजैविकं, म्हणजे अँटिबायोटिक्स. यातला दुसरा आधार डळमळला तर काय? त्याचं एक उत्तर शोधायला आपण आज प्रतिजैविकांच्याही मागे जाऊ.

उजेडानं त्वचा बरी करायची कल्पना आपल्याकडे जुनीच. कोडावर बावची लावून ऊन देत. पण तिथे हेतू कातडीचा रंग परत आणण्याचा होता. रंग आणि उजेड मिळून जीव मारतात, हे कळलं म्युनिकमध्ये. ऑस्कर राब हा विद्यार्थी अ‍ॅक्रिडिन हा पदार्थ पॅरामेशियम या सूक्ष्मजीवांवर तपासत होता. ते कधी पटकन मरत, कधी बराच वेळ तगून राहत. फरक निघाला उजेडाचा! हे निरीक्षण १९०० साली छापून आलं. त्याचे गुरू हेरमान फॉन टापायनर यांनी पुढे दाखवलं की या क्रियेला ऑक्सिजनही लागतो.

त्याच काळात कोपनहेगनला नील्स फिन्सेन त्वचेचा क्षय दिव्याच्या प्रकाशानं बरा करत होते. त्यांना १९०३चं नोबेल मिळालं. क्षयाचे जंतू स्वतःच पॉर्फिरिन नावाचं प्रकाश शोषणारं द्रव्य बनवतात, बहुधा त्यामुळेच ते मरत असावेत, हा उलगडा शंभर वर्षांनी झाला.

मग हे मागे का पडलं? उपाय खोटा ठरला म्हणून नव्हे. पेनिसिलिन आलं. १९५४मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या वर्षी उत्पादन सुरू झालं. एक सुई टोचली की काम होत असेल, तर दिवा घेऊन कोण बसणार?

पण जंतूही शिकले. अर्धवट सोडलेले डोस, विनाचिठ्ठी घेतलेल्या गोळ्या यांनी त्यांना मदतच केली. म्हणून संशोधक पुन्हा रंगाकडे वळलेत. मिथिलीन ब्लू जखमेवर लावायचं, ठरावीक लाल उजेड द्यायचा. रंग उजेडाची शक्ती शोषून ऑक्सिजनला देतो, तो ऑक्सिजन उग्र होतो आणि जंतूचं आवरण, प्रथिनं, सगळंच जाळत सुटतो. घाव एकाच वेळी इतक्या ठिकाणी बसतो की त्यातून सुटायची युक्ती जंतूला सहजी सापडत नाही. प्रयोगशाळेत औषधांना दाद न देणारे जंतूही असे मरतात. आपल्या हळदीतलं कर्क्युमिनसुद्धा निळ्या उजेडात हे काम करतं.

म्हणून उद्या कुणी गळवावर हळद थापून उन्हात बसू नका! रंगाचं प्रमाण, उजेडाची जात आणि वेळ मोजूनच द्यावी लागते. बावचीनंही बेताल वापरात कातडी भाजते. शिवाय उजेड काही मिलिमीटरच आत जातो. ताप आला, सूज पसरली, तर दवाखानाच गाठायचा. दिवा विझला की परिणामही थांबतो, उरलेले जंतू पुन्हा वाढू शकतात.

तेव्हा हा उपाय प्रतिजैविकांची जागा घेणार नाही. पण वरवरच्या जखमा उजेडावर भागल्या, तर तेवढ्या गोळ्या वाचतील, आणि खरी वेळ येईल तेव्हा त्या लागू पडतील. इतिहासात मागे ठेवलेली गोष्ट पुन्हा हाती घ्यायची ती एवढ्यासाठी.