सोंगाड्याला शिवी, वल्लीला मान

आमच्या सांगलीकडं कुणाला तोंडावर ‘सोंगाड्या’ म्हणून बघा, भांडण लागेल. त्याच माणसाला ‘वल्ली आहेस’ म्हणा, चहा पाजेल. हसवण्याचं काम दोघंही करतात. पण जो पैसे घेऊन हसवतो त्याचं नाव शिवी झालं, आणि जो फुकट हसवतो त्याला पदवी मिळाली. माझा सगळा राग या हिशेबावर आहे.

सोंगाड्या हे मुळात तमाशातल्या कामाचं नाव. ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, तसा सोंगाड्या. गण संपला की गवळणीत तो पेंद्या होऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट अडवायचा. त्या गौळणींची म्होरकी मावशी म्हणजेही पुरुषच, डोक्यावरून पदर घेतलेला. मग बतावणी, आणि शेवटी पहाटेपर्यंत चालणारा वग.

सोंगाड्याची खरी परीक्षा बतावणीत. तिला लिखाण नसायचं. सरदारानं म्हणावं, ‘राजेसाहेबांनी तुला याद केलंय’, आणि यानं विचारावं, ‘पाठ झालोय का? मग म्हणून दाखवा म्हणावं!’ समोरच्याचा शब्द धरायचा, सरळ अर्थानं घ्यायचा आणि त्याच्यावरच उलटवायचा, ही सगळी कारागिरी. शिवाय फड गावात उतरला की हुशार सोंगाड्या पारावर बसून बातम्या काढायचा. कुठली विहीर आटली, पाटलाचं कुणाशी बिनसलं, हे रात्री बतावणीत यायचं आणि पाटील पुढच्या रांगेत बसून हसायचा. दिवसा त्याला तसं बोलण्याची कुणाची छाती होती?

आणि बोलणारा कोण? तमाशा उभा केला तो मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी. दिवसा वेशीबाहेरचा माणूस रात्री बोर्डावरून गावाची टिंगल करतोय, हे गावाला चाललं, पण सकाळी त्याचा हिशेब चुकता व्हायचाच. ‘तमाशा करू नकोस’, ‘सोंगं पुरे’, ‘उगाच बतावणी नको’, असं आपण पोरांना दटावतो. सगळे शब्द एकाच फडातून उचललेले आणि सगळे नाराजीचे. विदर्भात तमाशाच्याच जातीच्या खेळाला ‘खडी गंमत’ म्हणतात. तिथं निदान गंमत तरी शिल्लक राहिली.

आता दुसरी बाजू बघा. ‘वल्ली’ आला अरबीतल्या वलीवरून, म्हणजे साधुपुरुष. त्याचंच अनेकवचन औलिया, म्हणून आपला अवलिया. दर्ग्यातला शब्द मराठी माणसानं कट्ट्यावरच्या गमत्याला बहाल केला. १९६२ साली पु. ल. देशपांड्यांचं ‘व्यक्ती आणि वल्ली’ आलं, त्याला पुढं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि वल्ली मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात कायमचा बसला. ‘नग’ आणि ‘नमुना’ दुकानातून आले. त्यांत थोडी चेष्टा आहे, पण शिवी नाही.

सोंगाड्याचं नाव वर काढणारेही झाले. तळेगावजवळच्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’मध्ये सावळ्या कुंभार करायचे. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या कवलापूरचे काळू-बाळू म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात ते हवालदार होऊन आले की बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसायच्या. जत्रेत त्यांना बघितलेला माणूस अजूनही त्यातलं एखादं वाक्य टाकतोच. दादा कोंडके ‘विच्छा माझी पुरी करा’तून पुढं आले आणि १९७१ साली त्यांनी चित्रपटाचं नावच ‘सोंगाड्या’ ठेवलं. शब्दाला एवढी उघड इज्जत त्याआधी कुणी दिली नव्हती, असं माझं मत.

सरकारची तऱ्हा वेगळी. अश्लीलता रोखायची म्हणून प्रयोगाची संहिता परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घेण्याचा नियम आला. ज्या बतावणीला कधी कागद लागला नव्हता तिला कागद लागला. द्वयर्थी विनोद त्यानं थांबला असं मला तरी दिसलं नाही.

बतावणीला खरा धक्का दिला तो प्रेक्षकांनी. जत्रेत सिनेमाची गाणी मागायची, गवळण लांबली की शिट्ट्या मारायच्या, आणि मग ‘जुना तमाशा राहिला नाही’ म्हणून हळहळायचं. नारायणगावात फडांच्या राहुट्या अजून लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला तिथं जातात. त्यांना एवढंच सांगणं आहे: बोली करताना गाण्यांची यादी देता, तशी एक अटही घाला. गण, गवळण आणि बतावणी पुरी झाली पाहिजे, आणि जाहिरातीच्या फलकावर सोंगाड्याचं नाव नाचणाऱ्या पोरींच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे.