खंडनासाठी वाचन : एकोणिसाव्या शतकातील मराठी धर्मवादाचा एक पैलू

प्रतिपक्षाचा ग्रंथ वाचावयाचा तो त्याचे खंडन करण्यासाठी, ही आपल्याकडील शास्त्रचर्चेची जुनी परंपरा होय. पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धांत सांगू नये असा दंडकच होता, आणि पूर्वपक्ष मांडावयाचा तर प्रतिपक्षाला त्याच्याच शब्दांत समजून घेणे भाग होते. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यात ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जो वाद सुरू झाला, त्यात या परंपरेला एक नवी कलाटणी मिळाली. शास्त्रीमंडळींत चालणारा वाद छापखान्यातून बाहेर पडला, संस्कृतातून मराठीत आला, आणि त्याचा निकाल पंडितसभेच्या हाती न राहता एकट्याने पुस्तक वाचणाऱ्या माणसाच्या मनावर येऊन ठेपला. असे वाचन करणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले असता मराठी विचाराच्या इतिहासातील एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. खंडनाच्या हेतूने वाचणारा मनुष्य वाचनानंतर पूर्वीच्याच जागी क्वचितच राहिला.

वादाचा आरंभ जॉन विल्सन यांच्यापासून धरण्याचा प्रघात आहे. विल्सन १८२९ साली मुंबईस आले आणि सुमारे दोन वर्षांतच मोरभट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभटांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली. विल्सन यांनी १८३२ साली तिला उत्तर देणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे साताऱ्याच्या नारायणराव यांनी 'स्वदेशधर्माभिमानी' लिहून प्रत्युत्तर दिले, तेव्हा १८३४ साली विल्सन यांचा दुसरा ग्रंथ निघाला. या ग्रंथांत तत्त्वचर्चेपेक्षा दोषदर्शनच अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. एकाने पुराणांतील देवतांच्या कथा चव्हाट्यावर मांडाव्या आणि दुसऱ्याने त्याच मापाने ख्रिस्ती शास्त्र मोजावे, असा तो प्रकार होता. तथापि या वादाने एक कसोटी सर्वमान्य करून टाकली. धर्मग्रंथातील कथा बुद्धीला व नीतीला पटते की नाही, हा प्रश्न विचारणे उभय पक्षांनी रास्त ठरविले. मिशनरी हे शस्त्र पुराणांवर चालविण्यासाठी घेऊन आले. परंतु शस्त्राला धन्याची ओळख नसते.

याचा प्रत्यय त्यांना लवकरच आला. टॉमस पेन याचा 'एज ऑफ रीझन' हा बायबलची झडती घेणारा ग्रंथ अमेरिकेहून कलकत्त्यास मोठ्या संख्येने पाठविण्यात आला, आणि विद्यार्थ्यांत त्याला एवढी मागणी आली की त्याची किंमत कित्येक पटींनी वाढली, असे अलेक्झांडर डफ यांनी खेदाने नमूद केले आहे. ज्या इंग्रजी शिक्षणाने तरुण पिढी ख्रिस्ताकडे वळेल अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती, त्याच शिक्षणाने त्या पिढीच्या हाती ख्रिस्ती धर्माचे युरोपीय टीकाकार दिले. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी १८४७ च्या सुमारास पेनचाच 'राइट्स ऑफ मॅन' वाचला, हे प्रसिद्ध आहे. मिशनच्या शाळेत वाचावयास शिकून पेनपाशी पोहोचणे हा त्या काळचा अपघात नव्हे. तो त्या शिक्षणाचा स्वाभाविक परिपाक होता.

पण उलट दिशेचा प्रवासही तितकाच खरा आहे, आणि त्याचे सर्वांत विलक्षण उदाहरण मुंबईतच सापडते. जॉर्ज बोवेन हे १८१६ साली अमेरिकेत जन्मले. तरुणपणी गिबनचा इतिहास वाचून त्यांची ख्रिस्ती श्रद्धा नाहीशी झाली आणि पुढील सुमारे अकरा वर्षे ते उघड नास्तिक होते; युरोपीय वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग मोठा होता आणि धर्माविषयी त्यांना केवळ उपेक्षा वाटे. १८४४ साली त्यांची वाग्दत्त वधू वारली. मरताना तिने आपले बायबल त्यांच्यासाठी ठेवले आणि ते नित्य वाचावे अशी इच्छा प्रकट केली. बोवेन वाचू लागले ते श्रद्धेने नव्हे. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळण्यासाठी. त्यानंतर ग्रंथालयातून दुसरेच पुस्तक आणावयाचे असता चुकून पेलीचा ख्रिस्ती धर्माच्या प्रमाणांवरील ग्रंथ त्यांच्या हाती आला. तो परत करण्यापूर्वी त्यांनी चार पाने चाळली, मग सगळा वाचला, आणि आपली नास्तिकता टिकत नाही असे त्यांना आढळून आले. १८४८ च्या आरंभी ते मुंबईस मिशनरी म्हणून आले आणि १८८८ साली येथेच वारले. मिशनचे वेतन सोडून ते बाजारवस्तीत अत्यंत साधेपणाने राहिले आणि अनेक वर्षे त्यांनी 'बाँबे गार्डियन' हे पत्र चालविले. १८७० नंतरच्या दशकात ते विल्यम टेलर यांच्या मेथॉडिस्ट चळवळीत सामील झाले; हीच चळवळ मुंबईहून दक्षिणेत बंगळूरच्या छावणीपर्यंत, म्हणजे आजच्या शिवाजीनगराच्या परिसरापर्यंत, जाऊन पोहोचली.

या बोवेन यांच्यासमोर १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी उभे राहिले, हा योग मार्मिक आहे. त्या वर्षी जानेवारीपासून मेअखेरपर्यंत दर आठवड्यास मुंबईच्या समुद्रकिनारी बुवांचा मिशनऱ्यांशी जाहीर वाद चालला. श्रोत्यांची दाटी होई. बोवेन यांनी वादाचा इंग्रजी वृत्तांत त्याच वर्षी प्रसिद्ध केला. मराठी वृत्तांत १८७२ साली, बुवांच्या निधनानंतर, ग्रंथरूपाने निघाला. एका बाजूला अकरा वर्षे नास्तिक राहून ग्रंथवाचनाने ख्रिस्ती झालेला मनुष्य, दुसऱ्या बाजूला औपचारिक विद्येचा फारसा संस्कार नसलेला, स्वानुभवाने बोलणारा संन्यस्त वक्ता. वादात जय कोणाचा झाला, याविषयी दोन्ही वृत्तांतांचे एकमत होणे संभवनीय नव्हते. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. १८५९ साली बुवांनी 'वेदोक्त धर्मप्रकाश' लिहिला. धर्म म्हणजे एका ग्रंथात सांगता येणारी, सर्व मनुष्यांना उद्देशून मांडता येणारी, प्रश्नोत्तरांना सामोरी जाणारी गोष्ट, ही कल्पना त्या ग्रंथाच्या मुळाशी आहे. बुवांनी ख्रिस्ती मत स्वीकारले नाही. परंतु स्वधर्माचे समर्थन करताना त्यांनी धर्माची जी आकृती कल्पिली, ती प्रतिपक्षाच्या संगतीवाचून घडली असती असे म्हणवत नाही.

खंडनासाठी वाचणाऱ्याच्या अंतःकरणात काय घडते, याचा खरा दस्तऐवज मात्र नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्याकडे आहे. काशीत वाढलेल्या या चित्पावन पंडिताने जॉन म्यूर यांच्या 'मतपरीक्षा' या संस्कृत ग्रंथाला उत्तर म्हणून १८४४ च्या सुमारास 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' रचला. हा ग्रंथ कितीतरी काळ हस्तलिखितातच होता. १९५१ साली तो उज्जैनहून छापून निघाला. त्यात गोऱ्हे यांचा मुख्य मुद्दा असा की, तर्काची धाव मर्यादित आहे. शास्त्रावर श्रद्धा आधी हवी, तर्क तिचा सेवक म्हणून मागाहून यावा. याच ग्रंथात त्यांनी ख्रिस्ती मतावर मर्मभेदी प्रश्न टाकले. पूर्वजन्म न मानला तर निरपराध बालकाच्या दुःखाचे कारण काय? अनंत नरकाची शिक्षा देणारा ईश्वर दयाळू कसा? असे प्रश्न विचारावयाचे तर बायबल बारकाईने वाचावेच लागते. गोऱ्हे यांनी ते वाचले, मिशनऱ्यांशी वाद घातला, आणि १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला.

हे परिवर्तन सुखाने झाले नाही. घर, जात, गुरुजन यांचा वियोग त्यात होताच. पण त्याहून सूक्ष्म अशी एक वेदना त्यांना आयुष्यभर सोबत करीत राहिली. १८६० सालच्या 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी भारतीय दर्शनांचे तर्काने खंडन केले. ज्या तर्काला त्यांनी पूर्वी श्रद्धेचा सेवक ठरविले होते, त्यालाच आता न्यायासनावर बसविले होते. त्यामुळे त्यांच्या जुन्या प्रश्नांचे काय झाले, हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो. बालकाच्या दुःखाचा प्रश्न ख्रिस्ती झाल्याने सुटत नाही. गोऱ्हे यांच्या पुढील जीवनातील शंकाकुलता सर्वश्रुत आहे, आणि तिचे मूळ येथेच असावे. ज्याने प्रतिपक्षाचे बळ प्रामाणिकपणे ओळखले, त्याला कोणत्याच पक्षात निश्चिंत बसता येत नाही.

पंडिता रमाबाई यांच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक तेजस्वी रूपाने दिसते. संस्कृत विद्येवर वाढलेल्या रमाबाईंची पुराणांवरील श्रद्धा तीर्थयात्रा व दुष्काळ यांच्या अनुभवाने ढासळली होती. कलकत्त्यास केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचावयास दिला. सिल्चर येथे राहत असता आपल्याच ग्रंथसंग्रहात त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली. पुण्यास आल्यावर गोऱ्हे यांची भेट झाली व पुढे पत्रव्यवहार झाला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात बाप्तिस्म्यानंतरही प्रश्न थांबलेले नाहीत. त्रित्वाच्या सिद्धांताविषयी व चर्चच्या अधिकाराविषयी त्या निर्भयपणे वाद घालतात. एका शास्त्राच्या अधिकारातून बाहेर पडलेल्या स्त्रीला दुसऱ्या शास्त्राचा अधिकार डोळे मिटून मान्य करणे शक्य नव्हते. वाचनाने त्यांना ख्रिस्ताकडे नेले, आणि वाचनानेच त्यांना चर्चपुढे मान तुकवू दिली नाही.

या दोन टोकांमध्ये तिसरा मार्ग शोधणारेही होते. दादोबा पांडुरंग यांनी 'धर्मविवेचन' १८४३ मध्येच लिहिले, पण ते छापण्यास १८६८ साल उजाडले. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा गुप्तपणे चाले, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटताच ती मोडली. या सभेतूनच बाबा पदमनजी १८५४ साली ख्रिस्ती झाले. 'अरुणोदय' या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या मनाचा प्रवास सांगितला आहे. त्याच सभेचे अध्वर्यू दादोबा मात्र आयुष्याच्या उत्तरार्धात स्वीडनबोर्गच्या ख्रिस्ती ग्रंथांचे मनन करून त्यावर इंग्रजी पुस्तक लिहितात, ते १८७८ साली लंडनला छापले जाते, आणि तरीही ते स्वतःस हिंदूच म्हणवितात. एकाच सभेत, जवळजवळ एकच ग्रंथ वाचून, दोन माणसे दोन ठिकाणी पोहोचली.

या वाचनाची किंमत केवळ मानसिक नव्हती. धर्मांतराने वारसाहक्क जाऊ नये यासाठी १८५० साली सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरूनच प्रश्नाची तीव्रता ध्यानात येते. कायदा मालमत्ता राखू शकला. आई, पत्नी, पंगत राखू शकला नाही. परमहंस सभेने दार बंद करून वाचावे, यात भ्याडपणा होता असे आज म्हणणे सोपे आहे. पण दाराबाहेर काय होते ते ध्यानात घेतले म्हणजे त्या बंद दाराची थट्टा करवत नाही. प्रतिपक्षाचे पुस्तक वाचण्याचे स्वातंत्र्य कायद्याने मिळण्याजोगे नव्हते. ते घराने द्यावयाचे होते.

हे सत्य सर्वांत स्पष्टपणे ओळखले ते जोतीराव फुले यांनी. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' यात त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्या घरातील पत्नी बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध होईल, पती बायबल वाचून ख्रिस्ती होईल, कन्या कुराण वाचून मुसलमान होईल आणि पुत्र सार्वजनिक सत्यधर्मी होईल. आणि तरीही ती सर्व एका छपराखाली, एकमेकांचा द्वेष न करता राहतील. सहा दशकांच्या वादाचे सार या कल्पनेत उतरले आहे. मोरभट आणि विल्सन यांनी पुस्तक हे शस्त्र मानले. गोऱ्हे आणि बोवेन यांना ते शस्त्र धरणाऱ्याच्याच हातावर उलटताना दिसले. फुल्यांनी त्याला घरातील एक वस्तू केले.

१८९५ हे साल या संदर्भात लक्षात राहण्याजोगे आहे. फेब्रुवारीत मुंबईस नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आगगाडीत एका अनोळखी इंग्रज गृहस्थाने दिलेला नवा करार हा त्यांच्या प्रवासाचा आरंभ होता. त्याच वर्षी मिल्ल व स्पेन्सर पचविलेले अज्ञेयवादी आगरकर वारले, आणि त्याच वर्षी गोऱ्हेही गेले. तिघांचे निष्कर्ष परस्परविरोधी होते. परंतु परक्या ग्रंथाला आपल्या मनाशी झगडू देण्याची तयारी तिघांत समान होती, आणि आधुनिक मराठी गद्याला जे तर्काचे बळ, जी नेमकी वाक्यरचना आणि जी प्रश्नांची धार लाभली, तिचा मोठा वाटा या तयारीकडे जातो. खंडन करण्यासाठी वाचणे हा वाचनाचा हीन प्रकार आहे, असे समजण्याचे कारण नाही. हीन आहे ते न वाचताच केलेले खंडन. आणि त्याचे उदाहरण शोधण्यास एकोणिसाव्या शतकात जाण्याची आवश्यकता नाही.