मावळत्या सूर्याची दोन कोडी

कोजागरीचा चंद्र उगवताना परातीएवढा दिसला आणि दूध आटेपर्यंत डोक्यावर येऊन वाटीएवढा झाला, हे घरोघरी सर्वांनी पाहिले असेल. मावळत्या सूर्याचेही तेच. दुपारी ज्याच्याकडे पाहवत नाही, तो क्षितिजाला टेकला की थोरला आणि तांबडा होतो. थोरला का, आणि तांबडा का? पहिल्या कोड्याचे उत्तर माणसाने शेकडो वर्षे हवेत शोधले, आणि ते तिथे नव्हतेच.

दुसऱ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्योतिर्विद टॉलेमी म्हणे, क्षितिजालगतच्या दमट हवेमुळे बिंब मोठे दिसते. पाण्यातली वस्तू दिसते तसे. उत्तर पटण्यासारखे होते, म्हणून टिकले. (पटण्यासारखी चूक निघता निघत नाही, हा अनुभव शाळामास्तराला रोजचाच.) या कोड्याला नवे वळण देणारा इब्न अल्-हैथम बसऱ्यात इ. स. ९६५ च्या सुमारास जन्मला. नाईलचे पाणी आवरून दाखवीन, ही त्याची बढाई ऐकून खलिफा अल्-हाकिमने त्याला कैरोला बोलावले. नदी प्रत्यक्ष पाहिल्यावर काम आपल्या आवाक्यातले नाही हे त्याला उमगले, आणि लहरी खलिफाच्या कोपातून वाचण्यासाठी त्याने वेडाचे सोंग घेतले, असे सांगतात. १०२१ मध्ये खलिफा नाहीसा झाला आणि वेडा शहाणा झाला!

प्रकाशशास्त्रावरच्या सात भागांच्या ग्रंथात त्याने लिहिले, की बिंब मोठे ठरवते ते मुख्यतः आपले मन. डोक्यावरच्या आकाशात मध्ये काहीच नसते. क्षितिजाकडे मात्र शेते, झाडे, घरे यांची रांग असते. त्यामुळे मन ते बिंब अधिक दूर समजते, आणि दूर असून एवढे दिसते म्हणजे मोठेच असले पाहिजे, असा हिशेब करते. मानसशास्त्रज्ञांचे यावर आजही पुरते एकमत नाही, पण कोडे हवेचे नसून पाहणाऱ्याचे आहे, हे नक्की. पडताळा सोपा आहे. पौर्णिमेला एक डोळा मिटून, हात लांब करून वाटाण्याचा दाणा धरा. उगवता चंद्र त्याआड लपतो, आणि माथ्यावर आला तरी तेवढ्याच दाण्याआड लपतो. सूर्याचे बिंबही तेवढेच, सुमारे अर्ध्या अंशाचे. हवेने केलेच तर उलटे केले आहे: क्षितिजावर ते वरून-खालून थोडे चेपते.

रंगाचे कोडे मात्र खरोखर हवेचे. पुढे लॉर्ड रॅले झालेल्या जॉन स्ट्रट यांनी १८७१ मध्ये गणिताने दाखवले, की हवेतले सूक्ष्म कण निळा प्रकाश तांबड्याच्या चौपटीहून अधिक विखुरतात. मावळतीचे किरण माथ्यावरच्यापेक्षा तीसपटीहून जास्त हवा ओलांडून येतात. वाटेत निळा उधळून जातो, तांबडा तेवढा पोचतो.

या गणितानंतर बाराच वर्षांनी निसर्गाने आपला प्रयोग मांडला, तोही भयंकर. २७ ऑगस्ट १८८३ रोजी जावा-सुमात्रांमधला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. ३६,००० वर माणसे गेली, बहुतेक समुद्राच्या लाटांनी. राख आणि गंधकाम्लाचे बारीक थेंब उंच वातावरणातून पृथ्वीभर पसरले. सप्टेंबरात मद्रासेत सूर्य चक्क हिरवा दिसला. तिथल्या वेधशाळेचे पॉगसन यांनी त्याची नोंद केली. कणांचे माप विशिष्ट जुळले, तर तांबडाच प्रकाश अधिक विखुरतो आणि हिरवा-निळा उरतो. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या पकिप्सी गावी सूर्यास्तानंतरची लाली पाहून लोकांना वाटले आग लागली, आणि बंब धावले.

त्याच दिवसांत लंडनच्या चेल्सी भागात टेम्सकाठी विल्यम ॲस्क्रॉफ्ट नावाचा चित्रकार रोज संध्याकाळी रंगीत खडू घेऊन बसे. रंग पालटेल तसा तो कागद पालटी. अशी ५०० हून अधिक चित्रे त्याने काढली. रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये क्राकाटोआचा अहवाल छापला, तेव्हा त्याच्या आरंभी यातलीच काही घातली.