इंधन पंपातील व्होल्टेज-घट

इंधन पंपातील व्होल्टेज-घट म्हणजे मोटारगाडीच्या बॅटरीपासून विजेवर चालणाऱ्या इंधन पंपापर्यंत जाताना वायर, रिले, जोड व अर्थ यांच्या रोधामुळे विद्युतदाबात होणारी घट. घट वाढली की पंपाची मोटर मंदावते आणि इंजेक्टरपर्यंत पोहोचणारा इंधनाचा दाब व प्रवाह कमी होतो. वरकरणी हा दोष पंपाचाच भासत असल्याने अनेकदा चांगला पंप काढून नवा बसवला जातो आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

पार्श्वभूमी

१९८३ साली आलेल्या मारुती ८०० सारख्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांत इंजिनच्या गतीवर चालणारा यांत्रिक पंप असे. २००० सालापासून उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाल्यावर पेट्रोल गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण रूढ झाले आणि टाकीत बुडालेला विद्युत पंप सर्वत्र आला. अशा पंपाने साधारण ३ ते ४ बार दाब सतत राखणे अपेक्षित असते. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावा.

लक्षणे

इंजिन सुरू होण्यास वेळ लागणे, पिकअप न घेणे आणि भार पडताच गचके देणे ही नेहमीची लक्षणे होत. सपाट रस्त्यावर दोष लपून राहू शकतो. धुळ्याहून सोनगीर, शिरपूरमार्गे आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बिजासन घाट चढताना इंजिनाची इंधनाची मागणी वाढते, आणि अशा चढावर तो उघड होतो. खानदेशात उन्हाळी तापमान ४० अंशांवर जाते. तापमान २० अंशांनी वाढल्यास तांब्याचा रोध सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. परंतु निरोगी वायरमध्ये ही वाढ नगण्य असते. खरा उपद्रव सैल किंवा गंजलेल्या जोडांचा. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सोनगीरच्या वाचकांना न घासलेल्या तांब्यावर चढणारा हिरवट थर परिचित असेल. ओल शिरलेल्या कनेक्टरमध्येही असाच थर साचतो आणि तो वीज नीट वाहू देत नाही.

निदान

पंप ६ अँपिअर प्रवाह घेत असताना वाटेत ०.३ ओहम रोध असला, तर ओहमच्या नियमानुसार १.८ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.५ व्होल्ट असले तरी पंपाला ११.७ व्होल्टच मिळतात. पंपाचा कनेक्टर काढून मोजल्यास मात्र प्रवाह जवळजवळ शून्य असल्याने घट दिसत नाही व मल्टिमीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बहुतेक चुकीची निदाने येथेच होतात. म्हणून मोजणी पंप चालू असतानाच करावी. किल्ली फिरवल्यावर पंप दोन-तीन सेकंदच चालतो, तेव्हा इंजिन सुरू ठेवणे सोयीचे.

मल्टिमीटरची लाल तार बॅटरीच्या धन टोकाला व काळी तार पंपाच्या धन पिनला लावली असता ०.५ व्होल्टपेक्षा जास्त आकडा संशयास्पद मानतात. पंपाची ऋण पिन व बॅटरीचे ऋण टोक यांत ०.२ व्होल्टपेक्षा अधिक घट आढळल्यास दोष अर्थच्या वाटेत असतो. पुढे एकेक जोड ओलांडत मोजत गेले की घट नेमकी रिलेत, फ्यूजच्या खोबणीत की टाकीवरील कनेक्टरमध्ये होते ते कळते. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग नियंत्रक-यंत्रणा मुद्दाम कमी-जास्त करते. तेथे साध्या मीटरचा आकडा फसवा ठरतो.

पंपाशी व्होल्टेज पुरेसे असूनही दाबमापक कमी दाब दाखवत असेल, तरच तुंबलेला फिल्टर, दाब-नियामक, गळती किंवा झिजलेला पंप यांचा विचार करावा. टाकी वारंवार जवळजवळ रिकामी ठेवल्यानेही पंप झिजतो, कारण सभोवतालचे पेट्रोलच त्याला थंड ठेवते.

दक्षता

इंधननळी उघडण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतात, म्हणजे नळीतील दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. उरलेले पेट्रोल तरीही सांडते. काम उघड्या हवेत, ठिणगीपासून दूर आणि अग्निशामक जवळ ठेवून करावे.